ड्रॉइंग दुसऱ्याचं, काम नगरचं

विजापूरच्या शेर्झा बुरुजावरची मुलूख-ए-मैदान तोफ पाहायला देशभरातून माणसं जातात. ती ओतली गेली मात्र नगरात, १५४९ मध्ये. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराचं ते काम. वजन सुमारे ५५ टन. एवढा धातू वितळवून एका साच्यात ओतायचा म्हणजे साचा तडकला की सगळा खर्च मातीमोल. तो धोका कारागिराच्या नव्हे, सुलतानाच्या तिजोरीवर होता. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली, आणि १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती तिथून विजापूरला नेली. तिच्या जन्मगावाची आठवण आता फार थोड्यांना असते.

या कहाणीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. राज्यकर्त्याने गरज सांगितली आणि प्रयोगाला पैसा दिला; प्रयोग फसला तर नुकसान आपलं, हे मान्य केलं; आणि वस्तू तयार झाल्यावर ती स्वतःच विकत घेतली. छोट्या तंत्रउद्योगांना संशोधनासाठी सरकारी पैसा देण्याच्या आजच्या योजना, मग त्या वॉशिंग्टनच्या असोत की दिल्लीच्या, याच तीन पायांवर उभ्या राहायला बघतात. भारतात पहिला पाय आता बराच भक्कम झाला आहे, दुसराही रोवला गेला आहे. तिसरा, म्हणजे सरकारने स्वतः पहिलं गिऱ्हाईक होणं, अजून लटपटतो. पुढच्या पानांत योजनांची माहिती, पात्रता, रकमा आणि अर्जाच्या पद्धती येतील. ती वाचताना हा तिसरा पाय नजरेआड होऊ नये, एवढ्यासाठी ही लांबलचक प्रस्तावना.

या योजना नगर जिल्ह्यातून पाहायला काही कारणं आहेत. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, उत्तरेला पाटपाण्याचा उसाचा पट्टा, दक्षिणेला पाथर्डी-जामखेडचा दुष्काळी भाग. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना अजून नगरच तोंडात येतं, म्हणून इथे दोन्ही नावं येतील. शहराला लागून भिंगारची छावणी, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आणि खारे कर्जुन्याच्या नावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज. तिथेच संरक्षण संशोधन संस्थेची म्हणजे डीआरडीओची वाहन संशोधन प्रयोगशाळा, व्हीआरडीई. देशात नवं मोटारवाहन रस्त्यावर आणायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्या मोजक्या संस्थांमध्ये व्हीआरडीई आहे. मनमाड रस्त्याने राहुरीपर्यंत गेलं की १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागतं. उसाच्या आणि ज्वारीच्या 'फुले' नावाच्या वाणांनी आणि भगवा डाळिंबाने पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीचा नकाशा बदलला, ते हेच.

म्हणजे एका बाजूला वाहनांची राष्ट्रीय प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला कृषी विद्यापीठ आणि मधे नागापूरची, सुप्याची एमआयडीसी. संशोधन आणि कारखानदारी इतकी शेजारी असलेले जिल्हे महाराष्ट्रात फार नाहीत. तरीही या मधल्या पट्ट्यातला छोटा कारखानदार मुख्यतः जॉबवर्क करतो. ड्रॉइंग पुण्याहून किंवा चाकणहून येतं. कास्टिंग किंवा सळई पुष्कळदा तीच कंपनी पाठवते. नगरच्या शेडमध्ये व्हीएमसी या संगणकचलित मशीनवर ते वीस मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये उतरवलं जातं, नग मोजून गाडी भरली जाते, रिजेक्शन वजा होऊन बिल निघतं. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात किती दिवस लागतात ते एमआयडीसीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळतं. या कामात कसब उच्च दर्जाचं आहे. वस्तूची मालकी मात्र शून्य. ड्रॉइंग बदललं, मॉडेल बंद पडलं, की मशीन थांबतं.

नगरला स्वतःची वस्तू कधी जमलीच नाही, असंही नाही. १९७२ मध्ये किनेटिक इंजिनीअरिंगची लुना आली, आणि दौंड रस्त्यावरच्या कारखान्यामुळे नगरचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' मोपेडच्या धर्तीवरची, ५० सीसीची, पायडल मारून सुरू होणारी ही गाडी शिक्षक, पोस्टमन, दूधवाले आणि कॉलेजच्या मुलींनी उचलून धरली. हस्तीमल फिरोदियांच्या त्या उद्योगामागे संशोधनाचं अनुदान वगैरे काही नव्हतं. तेव्हा सरकारकडे उद्योजक जायचा तो परवान्यासाठी. त्याच घराण्यातल्या किनेटिक ग्रीनने २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी ई-लुना आणली, तेव्हा काळ पार बदललेला होता. वीजवाहनांच्या ग्राहकाला सरकार किमतीत सवलत देत होतं. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ती सवलत विक्रीवर होती. मोटर किंवा बॅटरी-नियंत्रक इथल्या एखाद्या छोट्या शेडमध्ये नव्याने घडवायचा, तर त्यासाठीचा पैसा निराळ्या खिडकीवर मिळतो, आणि ती खिडकी शोधावी लागते.

हा फरक नगरसारख्या जिल्ह्यात नीट समजावून सांगण्यासारखा आहे, कारण सरकारी पैशाची इथली ओळख वेगळी आहे. ठिबक, शेततळं, कांदाचाळ, गोठा. कांदाचाळीचंच घ्या. बरीच वर्षं टनामागे ३,५०० रुपये आणि २५ टनांच्या चाळीला जास्तीत जास्त ८७,५०० रुपये असा हिशेब गावोगाव तोंडपाठ होता. चाळ ठरलेल्या मापाची बांधायची, फोटो काढायचा, बिलं जोडायची, पैसे खात्यावर. यात काही फसण्यासारखं नसतं; चाळ कशी बांधायची हे आधीच ठाऊक असतं. संशोधनाचा पैसा नेमका उलट्या कामासाठी असतो. जे अजून कुणाला ठाऊक नाही, जे कदाचित जमणारही नाही, त्याच्यासाठी. त्या पैशाचा हिशेब मागितला जातो, पण प्रामाणिकपणे केलेला प्रयोग फसला म्हणून तो वसूल केला जात नाही. बँकेत हे सुचवून बघावं. मॅनेजर आधी सातबारा मागेल आणि मग तारण.

या कल्पनेचा आधुनिक अवतार अमेरिकेतला. १९७७ मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने छोट्या कंपन्यांसाठी टप्प्याटप्प्याने पैसा देण्याचा उपक्रम सुरू केला. आधी थोडा पैसा: कल्पनेत दम आहे का, एवढं तपासायला. दम दिसला तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम, नमुना उभा करायला. तिसऱ्या टप्प्यात या निधीतून एक डॉलरही नाही. तिथे बाजार किंवा सरकारची खरेदी यांनी पुढे यायचं. १९८२ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि त्याचा कायदा झाला. कायद्याचं खरं बळ एका कलमात होतं: बाहेर संशोधनावर १० कोटी डॉलरच्या वर खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढलाच पाहिजे. सुरुवातीला तो अर्धा टक्काही नव्हता, पुढे ३.२ टक्क्यांवर गेला. आपल्या खिशातल्या मोबाइलमागे जिचं तंत्र आहे ती क्वालकॉम कंपनी लहान असताना या पैशावर वाढली.

भारताने ही कल्पना २००५ मध्ये जवळपास नावासकट घेतली. जैवतंत्रज्ञान विभागाची 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह' ही त्या धर्तीवरची आपली पहिली ठसठशीत योजना. त्याआधी १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ आलं होतं. ते देशी तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्या कंपनीला प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत, पाच टक्के सरळ व्याजाने कर्ज देतं. हैदराबादच्या शांता बायोटेकची स्वस्त कावीळ-बी लस त्याच पाठबळावर उभी राहिली. २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने बायरॅक ही कंपनी स्थापली आणि 'बिग' म्हणून ओळखलं जाणारं ५० लाखांपर्यंतचं, १८ महिन्यांचं अनुदान सुरू केलं. परतफेड नाही, कंपनीत हिस्सा नाही, पेटंट उद्योजकाचंच. पण अमेरिकेतलं ते सक्तीचं कलम इकडे आलं नाही. प्रत्येक खात्याने आपापली योजना, आपापला अर्ज, आपापलं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव काढलं. नगरच्या उद्योजकाचा अर्धा जोर ही आद्याक्षरं लावण्यातच खर्ची पडतो.

त्यातल्या त्यात कामाच्या खिडक्या अशा. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची 'प्रिझम' योजना एकट्या माणसाला, कंपनी नसली तरी चालते, पहिल्या पायरीवर २ लाख, मग २० लाख, दुसऱ्या टप्प्यात ५० लाखांपर्यंत देते. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या 'निधी' कार्यक्रमातली 'प्रयास' योजना नमुना बनवायला १० लाखांपर्यंत. २०२१ ची ९४५ कोटींची 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजना इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेमार्फत, चाचणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान देते. शेतीतल्या कल्पनांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेत कल्पनेच्या पायरीला ५ लाख आणि पुढच्या पायरीला २५ लाखांपर्यंत. यांतल्या बऱ्याच योजनांत अर्ज दिल्लीला थेट जात नाही, तो इन्क्युबेटरमधून जातो, आणि नगरकरासाठी जवळची नामवंत दारं पुण्यात आहेत. 'बिग'साठी पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर हे त्यातलं ठळक. नगरहून अंतर सुमारे १२० किलोमीटर.

कागदावर हे सगळं शिडीसारखं चढतं दिसतं. प्रत्यक्षात काय होईल ते एका उदाहरणावर ताडून पाहू. समजा, पारनेर किंवा नेवाशातल्या एखाद्या इंजिनीअर मुलाला चाळीतला कांदा सडायला लागल्याची खबर आधी देणारं यंत्र बनवायचं आहे.

गावरान कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. पात वाळवून, माना कापून तो चाळीत भरतात. खालून दीड-दोन फूट मोकळं, बाजूंना फळ्या किंवा बांबूच्या पट्ट्या, आत चार-पाच फुटांचा थर. पाऊस लागला, हवा दमट झाली, की कुठेतरी थराच्या पोटात काजळी धरते, एखादा कांदा पाणी सोडतो आणि शेजारच्याला घेऊन बसतो. शेतकऱ्याला कळतं ते वासावरून, आणि वास बाहेर येईपर्यंत दहा-बारा क्विंटल हातचे गेलेले असतात. कोंब, सड आणि वजनातली घट मिळून साठवणीत २५ ते ४० टक्के नुकसान होतं असं मानलं जातं. सडणाऱ्या कांद्यातून सुटणारे वायू संवेदकाने टिपायचे आणि मोबाइलवर सूचना द्यायची, ही कल्पना सोपी. पण चाळीत धूळ असते, पापुद्रे उडतात, जुलैत आर्द्रता कमाल असते; प्रयोगशाळेत चोख चालणारा संवेदक तिथे आठवड्यात वेडंवाकडं दाखवू लागतो. निरोगी कांद्यालाही वास असतोच. कुठला वास धोक्याचा हे यंत्राला शिकवावं लागतं. २५ टनांच्या चाळीला किती संवेदक, कुठल्या खोलीवर, हे कुठल्याच पुस्तकात नाही. संशोधन म्हणतात ते हेच, आणि त्याला पांढरा कोट लागत नाही.

आता योजनेचं वेळापत्रक. अठरा महिन्यांच्या अनुदानात संगणकप्रणाली लिहिणारा मुलगा पन्नास आवृत्त्या काढील. कांद्याच्या साठवणीचा मोसम वर्षाला एक. अठरा महिन्यांत एक पुरा मोसम हाती लागतो, अर्जाचा महिना जुळला तर फार तर दोन. पहिल्या मोसमात यंत्र फसणार, दुसऱ्यात थोडं सुधारणार, आणि जेव्हा ते खरोखर चालू लागेल तेव्हा अनुदानाची मुदत संपून वापर प्रमाणपत्र भरण्याची वेळ आलेली असेल. शेतीच्या संशोधनाला दिला जाणारा पैसा महिन्यांवर न मोजता हंगामांवर मोजावा, ही मागणी फारशी कुणी करत नाही. करायला हवी, आणि ती राहुरीहून झाली तर तिला वजन येईल, कारण एक वाण काढायला किती हंगाम जातात हे त्या विद्यापीठाला कुणी शिकवायला नको. त्याच विद्यापीठात जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या प्रकल्पातून हवामान-अनुकूल शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं केंद्र उभं राहिलं, पिकाला किती आणि कधी पाणी द्यायचं ते सांगणारं 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे मोबाइल अ‍ॅप तिथूनच आलं. म्हणजे संवेदक, हवामान आणि शेत यांची सांगड घालणारी माणसं जिल्ह्यातच आहेत.

आणि गिऱ्हाईक? इथे गंमत आहे. एकेकटा शेतकरी असं यंत्र घेताना दहादा विचार करील. पण कांदा साठवणारा देशातला एक बडा मालक खुद्द केंद्र सरकार आहे. भाव स्थिर ठेवण्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संघांमार्फत सरकार उन्हाळी कांदा विकत घेऊन राखीव साठा करतं. २०२३ मध्ये त्या साठ्याचं उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं होतं. तो कांदाही सडतो, आणि सडलेल्या कांद्याचं नुकसान करदात्याचं. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत कांद्याची साठवण आणि हाताळणी सुधारण्यासाठी 'ग्रँड अनियन चॅलेंज' नावाची स्पर्धाही जाहीर केली. स्पर्धा चांगलीच. पण तिच्यातून निघालेली यंत्रं राखीव साठ्याच्या शंभर चाळींत बसवू, दर अमुक, असं खरेदीचं आश्वासन सोबत असतं, तर त्या एका वाक्याने कुठल्याही अनुदानापेक्षा जास्त उद्योजक कामाला लावले असते.

संरक्षण खात्याने ही गोष्ट इतरांच्या आधी ओळखली, कारण तिथे दुसरं गिऱ्हाईकच नसतं. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान देतो. प्रकल्पाची मर्यादा आधी १० कोटी होती, २०२२ मध्ये ती ५० कोटी झाली. तयार होणारं बौद्धिक स्वामित्व कंपनी आणि डीआरडीओ यांचं सामायिक. २०१८ च्या एप्रिलमध्ये चेन्नईच्या डिफएक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात सुरू झालेली 'आयडेक्स' योजना निराळ्या चालीची आहे. सैन्यदलं स्वतः आपली अडचण प्रश्नाच्या रूपात जाहीर करतात, स्टार्टअपने उत्तर घेऊन यायचं. दीड कोटीपर्यंत मदत, 'प्राइम'मध्ये १० कोटी, आणि २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती'मध्ये २५ कोटींपर्यंत. मात्र जेवढे सरकारचे तेवढे उद्योजकाचे. ही अट ऐकून नागापूरच्या शेडमधला माणूस चहाचा कप खाली ठेवतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. दीड कोटीच्या जोडीला स्वतःचे दीड कोटी आणायचे, तेही विक्री सुरू होण्याच्या आधी! अशी जुळवाजुळव मुंबई-पुण्याच्या गुंतवणूकदारांच्या वर्तुळात फिरणाऱ्याला जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती करायची तर मग सातबारा आहेच.

तरी मराठी मुलखातली उदाहरणं आशा वाटावी अशी आहेत. मुंबईत सुरू होऊन पुण्याकडे विस्तारलेल्या सागर डिफेन्स इंजिनीअरिंगने नौदलासाठी माणूस वाहून नेणारं 'वरुण' ड्रोन बनवलं. २०२२ च्या जुलैत पंतप्रधानांसमोर त्याचं प्रात्यक्षिक झालं. याच कंपनीची 'मातंगी' ही स्वयंचलित नौका २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनच्या दिशेने सुमारे १,५०० किलोमीटरच्या सफरीवर निघाली. वैद्यकीय बाजूला पुण्याच्या जीवट्रॉनिक्सने बायरॅकच्या पाठबळावर हाताने दांडा फिरवून भारित करता येणारं डिफिब्रिलेटर काढलं. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, पण भिंतीत वीज नसली तरी चालणारं. अकोल्याच्या नव्हे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात वीज किती टिकते हे ज्याला ठाऊक आहे त्याला या दांड्याचं मोल वेगळं सांगायला नको. हे यंत्र एखाद्या बड्या परदेशी कंपनीच्या संशोधन विभागात सुचलंच नसतं. तिथल्या भिंतींत वीज असते.

व्हीआरडीईच्या नशिबी आलेलं यश मात्र थोडं वेगळं काही सांगतं. आठ चाकांचं, पाण्यातही चालणारं 'व्हॅप' हे चिलखती वाहन या प्रयोगशाळेने टाटांच्या साथीने विकसित केलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मोरोक्कोत बेरेशिद इथे त्याच्या उत्पादनासाठी टाटांचा कारखाना सुरू झाला, उद्‌घाटनाला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह होते. नगरात आकाराला आलेलं वाहन आफ्रिकेत तयार होतंय, ही अभिमानाचीच बाब. पण प्रयोगशाळेचं दार मोठ्या उद्योगासाठी जितकं सहज उघडतं तितकं शेजारच्या एमआयडीसीतल्या वीस माणसांच्या कारखान्यासाठी उघडत नाही. २०१९ च्या धोरणानुसार डीआरडीओची पेटंटं भारतीय उद्योगाला मोफत वापरता येतात; चाचणीच्या सोयीही शुल्क भरून बाहेरच्यांना मिळतात. हे जिल्ह्यातल्या किती शेडमध्ये ठाऊक आहे, असा प्रश्न नगरच्या उद्योजक संघटनांनी एकदा सभेत विचारून पाहावा.

खरेदीची बाजू राज्यातही कुणी हाताळलीच नाही, असं नाही. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून 'स्टार्टअप वीक' भरवते. त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना बक्षीस म्हणून ढाल किंवा धनादेश देण्याची रीत ठेवलेली नाही. सरकारी खात्याकडून १५ लाखांपर्यंतचा कार्यादेश मिळतो, म्हणजे तुमची वस्तू आमच्या खात्यात चालवून दाखवा, पैसे आम्ही देतो. रक्कम लहान, कल्पना फार शहाणपणाची. कारण १५ लाखांपेक्षाही 'सरकारी खात्यात बसवलेलं आहे' हा शिक्का पुढच्या निविदेत उपयोगी पडतो. एरवी सरकारी निविदेची रीत म्हणजे सर्वांत कमी दर, आणि मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा. स्टार्टअपना अनुभवाची आणि अनामत रकमेची सूट आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून केंद्रीय खात्यांनी वर्षाला २५ टक्के खरेदी करावी असं धोरणही आहे. पण २५ टक्क्यांत पुठ्ठ्याची खोकी आणि कार्यालयीन खुर्च्याही मोजल्या जातात. नवं तंत्र घेतलं म्हणून अधिकाऱ्याचं कौतुक होत नाही, ते बंद पडलं तर चौकशी मात्र हमखास. लेखापरीक्षणाची भीती ही या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत ताकदवान अलिखित अट आहे.

उद्योजकाच्या बाजूलाही कच्चे दुवे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. अनुदान हप्त्यांनी येतं, आणि पुढचा हप्ता आधीच्या टप्प्याचं काम दाखवल्यावर. त्यासाठी स्वतंत्र खातं, तिथून झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती, सनदी लेखापालाच्या सहीचं, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यातलं वापर प्रमाणपत्र. जॉबवर्कच्या धबडग्यात अनुदानाच्या खात्यातून दुसऱ्याच कामाचं स्टील आणलं, महिन्याभराने परत भरलं, असं व्यवहारात सर्रास चालतं. संशोधन अनुदानात हीच चूक महागात पडते. दुसरं, प्रयोगाची वही. कुठल्या तारखेला काय केलं, काय बिघडलं, किती तापमानाला. कसबी कारागीर हे सगळं डोक्यात ठेवतो. परीक्षक समितीला मात्र डोकं वाचता येत नाही, आणि पेटंटच्या वादातही वहीच बोलते. तिसरं, प्रस्तावात 'बाजार प्रचंड आहे' असं लिहिण्याची खोड. समितीला हवं असतं ते इतकंच: आज हे काम कोण कसं करतो, त्यात किती पैसे जातात, आणि तुमच्या यंत्राने किती वाचतील.

केंद्राने २०२५ च्या जुलैत १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली, त्यामुळे या विषयाकडे एकदम लक्ष गेलं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो वाचताना सावध राहायला हवं. ही रक्कम प्रामुख्याने कमी व्याजाची, लांब मुदतीची कर्जं आणि भागभांडवल यांच्या रूपाने, मधल्या निधी-व्यवस्थापकांमार्फत जाणार आहे. आणि जे तंत्र, तंत्रज्ञानाची सज्जता मोजणाऱ्या नऊ पायऱ्यांच्या शिडीवर चौथ्या पायरीला म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या नमुन्यापर्यंत पोचलंय, त्याच्यासाठी. कांद्याच्या यंत्राचा तो मुलगा आज दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहे. त्याला उपयोगी पडणार ती २ लाखांची आणि १० लाखांचीच खिडकी, जिच्याबद्दल वर्तमानपत्रात मथळे येत नाहीत.

जिल्ह्यात या छोट्या खिडक्यांपर्यंत नेणारं ठिकाण कुठलं असावं? जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगारनिर्मितीच्या योजनांचे अर्ज होतात, माणसांची रोज ये-जा असते. तिथे आठवड्यातून एक दिवस राहुरीचा एखादा प्राध्यापक आणि व्हीआरडीईतून निवृत्त झालेला एखादा अधिकारी बसला, तरी बरंच काम होईल. नगरात निवृत्त तंत्रज्ञांची वाण नाही. छावणीच्या आणि प्रयोगशाळेच्या निमित्ताने आलेली कित्येक घरं इथेच स्थिरावली आहेत. यासाठी नवी इमारत, नवं महामंडळ वगैरे काही लागत नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि इंग्रजी अर्ज मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: आधी कंपनी नसताना मिळणारा पैसा, मग नमुन्याचा, मग चाचणीचा, आणि शेवटी खरेदीचे नियम. ज्यांच्याकडे नमुना तयार आहे त्यांनी खरेदीचं प्रकरण आधी वाचलं तरी हरकत नाही. 'बिग'चे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला सुरू होतात आणि खिडकी साधारण दीड महिना उघडी राहते. आयडेक्सचे प्रश्न सैन्यदलांच्या गरजेप्रमाणे फेऱ्यांनी जाहीर होतात, त्यांच्या तारखा ठरलेल्या नसतात; संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागतं. अर्ज लिहायला लागणारा वेळ बहुतेक जण कमी धरतात. कागदपत्रं जमवायला एक महिना आणि प्रयोगाचा आराखडा पुन्हापुन्हा लिहायला दुसरा महिना, असा हिशेब धरला तर शेवटच्या रात्री सर्व्हर अडकल्याची तक्रार करायची पाळी येणार नाही.